पोस्टकार्डापासून ऑनलाइन पदवीपर्यंत

बारावीचा निकाल लागला की जुने विद्यार्थी पुन्हा आपल्या शिक्षकांकडे येऊ लागतात. पूर्वी त्यांच्या हातात जवळपासच्या महाविद्यालयांची माहितीपत्रके असत. आता त्यांच्या मोबाइलवर एखादी जाहिरातही असते. घरबसल्या पदवी, आपल्या सोयीच्या वेळी अभ्यास, वर्गात हजेरीची सक्ती नाही. एखादीला वडिलांच्या दुकानात बसायचे असते. एखादीच्या गावाहून तालुक्याला जाणारी एसटी वेळेवर येत नाही. एखाद्याला कारखान्यात पाळीची नोकरी लागलेली असते. प्रत्येकाचा प्रश्न मात्र एकच असतो : "सर, हे मला जमेल का?"

या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे झटपट उत्तर देणे सोपे आहे, पण ते बरोबर असेलच असे नाही. चुकीच्या उत्तराची किंमत विद्यार्थ्याला दोन-तीन वर्षांनी आणि घरच्यांना फीच्या पैशांनी मोजावी लागते. सुदैवाने हा प्रश्न नवा नाही. शिक्षक एका ठिकाणी आणि विद्यार्थी दुसऱ्या ठिकाणी, अशा शिक्षणाला जवळजवळ १८५ वर्षांचा इतिहास आहे. त्यात टपाल आले, रेडिओ आला, दूरचित्रवाणी आली, उपग्रह आला आणि शेवटी इंटरनेट आले. साधने बदलत गेली, पण कोणाला हे शिक्षण मानवते आणि कोणाला नाही, याविषयीचा अनुभव फारसा बदललेला दिसत नाही. तो अनुभव काय सांगतो, ते क्रमाने पाहू.

एका पेनीचा वर्ग

१८४० च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये टपालाचा एकच दर सुरू झाला. देशात कोठेही हलके पत्र पाठवायचे असेल तर एक पेनी पुरे. त्याआधी अंतरानुसार दर आकारला जाई आणि तो सामान्य माणसाला परवडत नसे. बाथ या गावी आयझॅक पिटमन हे शिक्षक राहत होते. त्यांनी १८३७ मध्ये लघुलेखनाची आपली पद्धत प्रसिद्ध केली होती. स्वस्त टपालाचा उपयोग त्यांनी लगेच ओळखला. लघुलेखनाचे नियम त्यांनी एका लहान पत्रकावर छापले आणि शिकू इच्छिणाऱ्यांना ते टपालाने पाठवू लागले.

येथवर ही केवळ पुस्तकविक्री म्हणता आली असती. पिटमन यांनी पुढे जे केले त्यामुळे तिचे शिक्षण झाले. विद्यार्थ्यांनी बायबलमधील उतारा लघुलिपीत उतरवून परत पाठवायचा, पिटमन यांनी तो तपासायचा आणि चुका दाखवून पुन्हा विद्यार्थ्याकडे धाडायचा. काम इतके वाढले की १८४३ मध्ये तपासणीसाठी स्वयंसेवकांचे मंडळच स्थापन करावे लागले. पाठ जातो, उत्तर येते, दुरुस्ती परत जाते, अशी ही साखळी आहे. तिच्यातील तिसरा दुवा ध्यानात ठेवावा, कारण पुढच्या सगळ्या इतिहासात बहुधा तोच दुवा तुटलेला दिसतो.

परीक्षा आहे, शिक्षक नाही

१८३६ मध्ये स्थापन झालेले लंडन विद्यापीठ हे सुरुवातीला परीक्षा घेऊन पदव्या देणारे मंडळ होते. १८५८ मध्ये त्याला नवी सनद मिळाली. त्यानंतर वैद्यकशाखा सोडून इतर परीक्षांना बसण्यासाठी ठरावीक महाविद्यालयात शिकल्याचा दाखला लागेनासा झाला. १८६५ पासून या परीक्षा ब्रिटनबाहेरही होऊ लागल्या आणि पहिले केंद्र मॉरिशसला होते. आपण ज्याला 'बाहेरून परीक्षेला बसणे' म्हणतो, त्याचा हा एक मूळ नमुना होय.

ही सोय मोठी होती. महाविद्यालयाची पायरी न चढलेल्या माणसालाही पदवीचे दार उघडले. मात्र विद्यापीठ शिकवत नव्हते. ते फक्त अभ्यासक्रम सांगून परीक्षा घेत असे. मधली जागा रिकामी होती, आणि ती भरून काढण्यासाठी खाजगी पत्रद्वारा शिकवण्या निघाल्या. त्यांपैकी एक म्हणजे विल्यम ब्रिग्ज यांनी १८८७ मध्ये सुरू केलेले युनिव्हर्सिटी करस्पॉन्डन्स कॉलेज.

विज्ञानकथालेखक म्हणून आपल्याला ठाऊक असलेले एच. जी. वेल्स या संस्थेत जीवशास्त्र शिकवत. त्यांनी स्वतःची बी. एस्सी. पदवीही १८९० मध्ये लंडन विद्यापीठाची परीक्षा बाहेरून देऊन मिळवली होती. त्यांचे १८९३ मधील जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक याच विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले होते. पण बेडकाचे विच्छेदन टपालाने कसे शिकवणार? त्यासाठी लंडनमध्ये प्रात्यक्षिकांचे वर्ग घ्यावे लागत आणि वेल्स ते घेत. विज्ञानशिक्षकांना या गोष्टीचे नवल वाटणार नाही. सिद्धांत दूर जाऊ शकतो, हाताचे कौशल्य सहजासहजी जात नाही.

बोस्टनची पत्रे

अमेरिकेत १८७३ मध्ये ॲना एलियट टिकनॉर या बाईंनी बोस्टनमध्ये घरी अभ्यास करणाऱ्या स्त्रियांसाठी एक मंडळ स्थापन केले. त्या काळी बहुतेक मुलींना महाविद्यालयात जाणे शक्य नव्हते. मंडळाची पद्धत साधी होती. प्रत्येक विद्यार्थिनीला एक शिक्षिका नेमून दिलेली असे. दर महिन्याला पत्र येई आणि त्याला उत्तर जाई. विद्यार्थिनीने वाचनाची टिपणे ठेवायची आणि काय वाचले, काय समजले ते लिहून कळवायचे. लागतील ती पुस्तके मंडळाच्या ग्रंथालयातून टपालाने मिळत. १८९६ मध्ये टिकनॉर वारल्या आणि पुढच्या वर्षी मंडळ बंद झाले. तोवर २४ वर्षांत सुमारे ७ हजार स्त्रियांनी त्याचा लाभ घेतला होता.

मंडळ पदवी देत नव्हते, म्हणून ज्यांना नोकरीसाठी कागद हवा होता त्यांना त्याचा उपयोग मर्यादित होता. पण ज्यांना शिकायचे होते त्यांच्यासाठी एक गोष्ट पक्की होती : पलीकडे एक ओळखीची व्यक्ती आपल्या पत्राची वाट पाहत आहे.

खाणकामगार आणि फेरीचे विक्रेते

याच काळात पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन गावी दुसरा प्रयोग झाला. हा प्रदेश कोळशाच्या खाणींचा आहे. १८६९ मध्ये तेथील एव्हनडेल खाणीत आग लागून ११० माणसे दगावली होती. पुढे खाणीतील मुकादम आणि निरीक्षक यांना परीक्षा सक्तीची झाली. खाण व्यवसायाचे नियतकालिक चालवणारे टॉमस फॉस्टर यांनी १८९१ मध्ये या परीक्षेसाठी टपालाने अभ्यासक्रम सुरू केला. दिवसभर खाणीत राबणाऱ्या आणि बेताचे शिक्षण झालेल्या माणसाला समजेल अशा भाषेत हे पाठ लिहिले होते. गरज खरी होती, शिकणाऱ्याचे काम आणि अभ्यास यांचा मेळ होता आणि परीक्षा पास झाल्यास बढती समोर दिसत होती. अभ्यासक्रम चांगला चालला.

त्यातूनच इंटरनॅशनल करस्पॉन्डन्स स्कूल्स ही प्रचंड संस्था उभी राहिली. शेकडो विषय निघाले आणि विद्यार्थ्यांची संख्या लाखांवर गेली. मग अशा संस्थांच्या धंद्याचे स्वरूप बदलले. गावोगाव विक्रेते फिरू लागले आणि दारात उभे राहून अभ्यासक्रम विकू लागले. विक्रेत्याचे काम नावनोंदणीपुरते असे. पुढे विद्यार्थ्याने पाठ सोडवले की नाहीत, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. नाव नोंदवलेल्यांपैकी फार थोडे शेवटपर्यंत पोहोचत. १९२६ मध्ये जॉन नॉफ्सिंगर यांनी अमेरिकेतील पत्रद्वारा शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात या विक्रीपद्धतीवर आणि अपुऱ्या राहणाऱ्या शिक्षणावर कडक टीका होती.

यातील आर्थिक गणित विद्यार्थ्यांना जरूर समजावून सांगावे. फी आधीच भरलेली असेल आणि विद्यार्थ्याने मध्येच अभ्यास सोडला, तर संस्थेचा तपासणीचा खर्च वाचतो. अशा व्यवस्थेत विद्यार्थी टिकावा, यात संस्थेचा स्वार्थ उरत नाही. म्हणून नाव नोंदवताना जितके फोन येतात तितके पहिला स्वाध्याय चुकल्यावर येतात का, हा प्रश्न आजही विचारण्यासारखा आहे.

मुक्त विद्यापीठाने काय वेगळे केले?

ब्रिटनमध्ये १९६३ साली हॅरॉल्ड विल्सन यांनी 'आकाशवाणीवरचे विद्यापीठ' अशी कल्पना मांडली. मंत्री जेनी ली यांनी ती नेटाने पुढे नेली. १९६९ मध्ये मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २४ हजार विद्यार्थ्यांचा अभ्यास सुरू झाला. प्रवेशासाठी आधीच्या परीक्षेची अट नव्हती.

लोकांच्या लक्षात राहिले ते रात्री उशिरा दिसणारे दूरचित्रवाणीवरचे पाठ. प्रत्यक्षात विद्यार्थ्याच्या अभ्यासातील तो लहान भाग होता. मुख्य भार छापील पाठांवर होता. ते एकट्याने वाचणाऱ्यासाठी मुद्दाम लिहिलेले असत आणि मधूनमधून थांबवून प्रश्न विचारत. ठरलेल्या तारखेला स्वाध्याय पाठवावा लागे, आणि नेमून दिलेला शिक्षक तो तपासून शेरे लिहून परत करी. गावोगाव अभ्यासकेंद्रे होती. उन्हाळ्यात एक आठवडा निवासी वर्ग असे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला घरी प्रयोगपेटी येई. त्यांतील काही पेट्यांत प्लॅस्टिकचा छोटा सूक्ष्मदर्शकही असे. म्हणजे पिटमन यांचा तिसरा दुवा आणि वेल्स यांचा प्रात्यक्षिक वर्ग, दोन्ही या विद्यापीठाने व्यवस्थेत बसवले होते.

आपल्याकडे

भारतात डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनंतर १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला. मुंबई विद्यापीठाचा विभाग १९७१ चा. पुढे १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर उपग्रहाद्वारे ६ राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखवण्यात आले. या 'साइट' प्रयोगात हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे १२ दिवसांचे प्रशिक्षणही दिले गेले. ते नुसते पडद्यावरचे नव्हते. कार्यक्रमाला रेडिओ, छापील साहित्य आणि हाताने करून पाहण्याचे उपक्रम यांची जोड होती.

१९८२ मध्ये आंध्र प्रदेशात देशातील पहिले मुक्त विद्यापीठ निघाले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले, आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे विद्यापीठाचे ब्रीद आपल्या परिचयाचे आहे. पण केवळ घरी पुस्तके पोहोचवून ते थांबले नाही. तालुक्यांच्या गावी अभ्यासकेंद्रे, तेथे संमंत्रक, सुट्टीच्या दिवशी संमंत्रणाची सत्रे आणि बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम अशी रचना उभी केली. शाळा सुटल्यावर किंवा रविवारी अशा केंद्रांवर काम केलेले पुष्कळ शिक्षक आपल्यात असतील. सत्राला नेमाने येणारे विद्यार्थी आणि थेट परीक्षेलाच उगवणारे विद्यार्थी यांच्यातला फरक त्यांना वेगळा सांगायला नको.

पडद्यावरचा वर्ग

आता इंटरनेटकडे वळू. मार्च २०१२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने विद्युत् मंडले या विषयाचा अभ्यासक्रम जगभर विनामूल्य खुला केला. १,५४,७६३ जणांनी नाव नोंदवले आणि ७,१५७ जण उत्तीर्ण झाले. हे प्रमाण शंभरात पाचापेक्षा कमी आहे. अर्थात, नाव नोंदवणारे पुष्कळजण केवळ कुतूहलाने डोकावलेले होते, त्यांना नापास म्हणणे योग्य नाही.

याच अभ्यासक्रमात मंगोलियाच्या राजधानीतील १५ वर्षांच्या एका मुलाने पैकीच्या पैकी गुण मिळवले. बातमी जगभर गाजली आणि आता शिक्षकांची गरज उरली नाही असे काहींना वाटले. बातमीचा दुसरा भाग कमी लोकांनी वाचला. त्या मुलाच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीचे पदवीधर होते. त्यांनी विद्यार्थ्यांचा गट करून त्यांना या अभ्यासक्रमाला बसवले होते आणि प्रत्यक्ष प्रयोगांसाठी परदेशातून मार्गदर्शक व साहित्य आणवले होते. मुलगा बुद्धिमान होताच, पण तो एकटा नव्हता.

२०१३ च्या पूर्वार्धात कॅलिफोर्नियातील सॅन होजे विद्यापीठाने एका कंपनीच्या मदतीने तीन विषय ऑनलाइन शिकवून पाहिले. या वर्गांत आधी नापास झालेले विद्यार्थी होते आणि गरीब वस्तीतील शाळकरी मुलेही होती. विद्यापीठाच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांपैकी पायाभूत गणितात २९, बीजगणितात ४४ आणि संख्याशास्त्रात ५१ टक्के उत्तीर्ण झाले. नेहमीच्या वर्गांपेक्षा हे आकडे बरेच कमी होते. उन्हाळी सत्रात निकाल सुधारला, पण तेव्हाच्या निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांकडे आधीच एखादी पदवी होती. अभ्यास कसा करावा हे ज्यांना माहीत होते त्यांचे भागले, ज्यांना ते शिकायचे होते ते मागे पडले.

मोठ्या पाहणीतही हेच दिसले. वॉशिंग्टन राज्यातील ४० हजारांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी घेतलेल्या सुमारे ५ लाख विषयांची नोंद संशोधकांनी तपासली. ऑनलाइन विषयांत सर्वच गटांची कामगिरी वर्गापेक्षा काहीशी घसरलेली होती. मात्र तरुण विद्यार्थी, मुलगे आणि आधीचे गुण कमी असलेले विद्यार्थी यांची घसरण जास्त होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या अभ्यासक्रमांचे आकडे आहेत. २०१७-१८ मध्ये सर्व सहभागी लोकांपैकी सुमारे ३ टक्क्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, पण पैसे भरून प्रमाणपत्रासाठी बसलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. निश्चय पक्का असला की फरक पडतो, तरी निम्म्यांहून अधिक जण मध्येच थांबले.

मग विद्यार्थ्याला काय सांगावे?

या इतिहासातून एक गोष्ट वर येते. साधन कोणते, यापेक्षा परतीची वाट आहे की नाही, यावर यश अवलंबून राहिले आहे. म्हणून 'ऑनलाइन चांगले की वाईट' असा वाद न घालता विद्यार्थ्याला पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहायला सांगावीत.

१. माझे उत्तर कोण वाचणार, आणि किती दिवसांत शेऱ्यांसह परत मिळणार? फक्त पर्यायी उत्तरांवर खुणा करायच्या असतील तर आपल्या चुका आपल्याला कोण दाखवणार?

२. एक स्वाध्याय चुकला तर कोणाच्या लक्षात येईल? संस्थेच्या नसेल तर गावातील कोणाच्या?

३. विषयात हाताचे काम किती आहे, आणि ते कोठे करायचे? अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण यांसारख्या पदव्या आपल्याकडे ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने देण्यास मुळात परवानगीच नाही.

४. पदवी मान्य आहे का? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या विद्यापीठाचे नाव, तो अभ्यासक्रम आणि ते वर्ष, तिन्ही असले पाहिजे. जाहिरातीतील बोधचिन्ह पुरेसे नाही. मान्य संस्थेची अशी पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष धरली जाते, हे आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

५. अभ्यास कोणत्या वेळी आणि कोणत्या जागी होणार? 'सवड मिळेल तेव्हा' हे उत्तर असेल तर ती सवड बहुधा मिळत नाही. दुकानात बसणारी मुलगी दुपारी २ ते ४ अशी वेळ सांगत असेल, तर ते उत्तर झाले.

६. मध्येच सोडावे लागले तर फीचे काय? सगळी रक्कम एकदम भरावी लागते की सत्रागणिक?

आणि एक प्रयोग जरूर करावा. फी भरण्यापूर्वी 'स्वयं' या सरकारी व्यासपीठावरील एखाद्या विनामूल्य अभ्यासक्रमाला नाव नोंदवावे. २०१७ पासून हे व्यासपीठ उपलब्ध आहे. पहिले चार आठवडे ठरल्या वेळी पाठ पाहावेत, टिपणे काढावीत आणि प्रत्येक स्वाध्याय मुदतीत द्यावा. चारही आठवडे पार पडले तर आपल्या शंकेचे निरसन झाले. दुसऱ्याच आठवड्यात खंड पडला तरी निराश होण्याचे कारण नाही. आपल्याला वर्ग, सोबती किंवा अभ्यासकेंद्र लागते एवढेच त्यातून कळले, आणि ते फी भरण्यापूर्वी कळले.

हा प्रयोग करणाऱ्या दोघा-तिघांना शनिवारी शाळा सुटल्यावर एकत्र बसता येईल अशी एक खोली आणि अर्ध्या तासाचा आपला वेळ देता आला, तर आपणही त्या साखळीतला एक दुवा होऊ. पिटमन यांचे स्वयंसेवक उतारे तपासत, बोस्टनच्या शिक्षिका पत्रे लिहीत, आपल्या अभ्यासकेंद्रांवर संमंत्रक रविवारी येत. 'सर, हे मला जमेल का?' असे विचारणाऱ्या मुलीला 'तू तुझी वही घेऊन दर शनिवारी ये, महिन्याभराने ठरवू' असे सांगता येणे, हे तिच्या प्रश्नाचे सर्वांत प्रामाणिक उत्तर ठरेल.